बटणामागची फाइल : सर्व्हर-व्यवस्थापनाच्या चित्ररूप साधनांविषयी प्रस्तावना

‘सर्व्हर’ हा शब्द व्यवहारात दोन अर्थांनी वापरला जातो : इतर संगणकांच्या मागण्या पुरवण्यासाठी अहोरात्र चालू ठेवलेले यंत्र हा एक अर्थ, आणि त्या यंत्रावर चालणारी, मागणी ऐकून तिला उत्तर देणारी आज्ञावली हा दुसरा. या दुसऱ्या अर्थाच्या आज्ञावलीला ‘सेवा’ म्हणतात. संकेतस्थळाची पाने पुरवणे, ईमेल पोहोचवणे, फाइली सामायिक ठेवणे, पासवर्ड तपासणे, छपाईची रांग सांभाळणे ही सारी सेवांची कामे असून, सेवा स्वतःच्या खिडकीत कोणासमोर चालत नाही, ती आड राहून चालते, आणि नीट चालली तर ती आहे हेही कोणाच्या ध्यानात येत नाही. हे अदृश्य काम डोळ्यांना दिसेल असे मांडणारी, म्हणजे कोणती सेवा चालू आहे, कोणती बंद पडली आहे, डिस्क किती भरली आहे, कोणाला कशाची परवानगी आहे हे पडद्यावर दाखवणारी आणि तिथेच बटणे, याद्या व चौकटी यांच्या आधारे त्यात फेरफार करू देणारी व्यवस्था म्हणजे चित्ररूप व्यवस्थापन-कन्सोल. तोच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

‘कन्सोल’ हा शब्द या पडद्याहून जुना आहे. आयबीएमने १९६४ साली जाहीर केलेल्या सिस्टीम/३६० मालिकेतील मोठ्या यंत्रांच्या दर्शनी भागावर दिव्यांच्या ओळी, फिरवायच्या कळा आणि खटके असत, जोडीला टंकलेखन यंत्रासारखे एक साधन असे, आणि चालक त्या जागी बसून यंत्राशी व्यवहार करी. त्या जागेला कन्सोल म्हणत. दिवा आणि त्यामागची तार यांत तेव्हा फारसे काही नव्हते. पुढे दिव्यांची जागा काचेच्या पडद्याने घेतली, पडद्यामागे एक आज्ञावली आली, तिच्यामागे दुसरी, आणि आज ब्राउझरमध्ये सेवेच्या नावापुढे दिसणारा हिरवा ठिपका म्हणजे कोणत्या तरी आज्ञावलीने, कधीतरी, दुसऱ्या कोणाला तरी विचारून आणलेले उत्तर असते. ते उत्तर किती ताजे, कोणाचे आणि कशाविषयीचे आहे, थोडक्यात पडद्यावर दिसते त्याचे मूळ कुठे ठेवलेले आहे, हा प्रश्न या विषयाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा उपस्थित झाला आहे, आणि या क्षेत्रातील निरनिराळे पंथही त्याच्या उत्तरावरूनच वेगळे पडतात.

नवख्या वाचकाला हा प्रश्न फार तात्त्विक वाटण्याची शक्यता आहे. म्हणून विंडोजमधील सेवांची साधी यादी जवळून पाहणे उपयोगाचे ठरेल. या यादीत नाव आणि वर्णन यांच्या पुढे आणखी तीन रकाने असतात : सेवेची सध्याची स्थिती, ती सुरू होण्याचा प्रकार, आणि ती कोणत्या खात्याच्या अधिकाराने चालते ते. पहिला रकाना आत्ताविषयी बोलतो, दुसरा यंत्र पुन्हा सुरू होईल तेव्हाविषयी. शिकाऊ माणूस बंद पडलेली सेवा सुरू करतो, ‘चालू’ हा शब्द पाहून निश्चिंत होतो, आणि तीन आठवड्यांनी वीज जाऊन आली की तीच सेवा पुन्हा बंद सापडते, कारण दुसऱ्या रकान्यात ‘हस्तचालित’ या अर्थाचा शब्द तसाच राहिलेला असतो. लिनक्समध्ये सेवा सांभाळणाऱ्या, २०१० साली आलेल्या सिस्टीमडी या व्यवस्थेतही हाच भेद आहे, मात्र तिथे ‘स्टार्ट’ आणि ‘एनेबल’ अशा दोन स्वतंत्र आज्ञा आहेत आणि दुसरी आज्ञा ठाऊक नसलेल्याला ती द्यायची राहून गेली हे सहज ध्यानात येत नाही. दोन गोष्टी शेजारी-शेजारी मांडून त्यांतला फरक न विचारता दाखवणे, हे कन्सोलचे सर्वांत मोठे आणि सर्वांत कमी वाखाणले गेलेले सामर्थ्य आहे. मात्र याच यादीची दुसरी बाजूही आहे. ती उघडली त्या क्षणीचे चित्र दाखवते. नंतर एखादी सेवा कोसळली तरी एफ५ दाबून यादी ताजी करीपर्यंत तिच्यापुढे ‘चालू’ हाच शब्द राहू शकतो. पडदा खोटे बोलत नसतो, तो शिळे बोलत असतो. पाहणाऱ्याला हा फरक ठाऊक नसेल तर परिणाम मात्र एकच.

हा धोका संगणकांपुरता नाही. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारी एक झडप उघडी अडकली असताना नियंत्रण कक्षातील तिचा दिवा विझलेला होता, कारण तो दिवा झडपेची स्थिती दाखवत नव्हता, झडप बंद करण्याचा विद्युत-संकेत गेला एवढेच दाखवत होता. चालकांना हे उमगण्यास दोन तासांहून अधिक काळ गेला. ‘सांगितले’ आणि ‘झाले’ या दोन गोष्टी एकाच दिव्याने दाखवू नयेत, हा तेथून निघालेला धडा सर्व्हरच्या कन्सोलांनी अजूनही पुरता गिरवलेला नाही.

बेल लॅब्जमध्ये १९६९ साली जन्मलेल्या युनिक्सने सेटिंगे साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवण्याची परंपरा रुजवली आणि त्या फाइली हाताने लिहिणारा, टर्मिनलवर आज्ञा टंकणारा व्यवस्थापक हा या व्यवसायाचा आदर्श पुरुष ठरला. ऐंशी-नव्वदच्या दशकांत यंत्रे वाढली, असे निष्णात लोक वाढले नाहीत, आणि उत्पादकांनी मेनू देण्यास आरंभ केला. नॉव्हेल नेटवेअरचे निळे, अक्षरांनीच आखलेले मेनू त्या काळी संगणक शिकलेल्या अनेकांना आठवत असतील. परंतु विचारांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे साधन म्हणजे आयबीएमच्या एआयएक्स या युनिक्स-वंशीय प्रणालीतील ‘स्मिट’. त्याच्या चित्ररूप आवृत्तीत काम चालू असेपर्यंत एक छोटा माणूस पळताना दिसे, काम यशस्वी झाले की तो हात उंचावे आणि फसले की तोंडघशी पडे. या माणसाची आठवण जुने व्यवस्थापक अजूनही कौतुकाने काढतात. खरी किमया मात्र त्या पळणाऱ्या माणसात नव्हती. स्मिटच्या मेनूत चौकटी भरल्यावर एफ६ ही कळ दाबली की त्या चौकटींतून तयार झालेली, प्रत्यक्ष चालणारी आज्ञा जशीच्या तशी समोर येई, आणि केलेल्या कामाची आज्ञारूप नोंद एका वेगळ्या फाइलीत साठत जाई. कन्सोल वापरणारा मनुष्य महिनाभरात आज्ञा शिके, आणि ती फाइल थोडी सुधारून दुसऱ्या यंत्रावर चालवे. कन्सोल आणि टर्मिनल यांच्यात वैर असण्याचे कारण नाही हे त्या एका कळेने सिद्ध केले होते. पुढच्या पिढीच्या कन्सोलांना मात्र त्या कळेचा दीर्घकाळ विसर पडला.

मायक्रोसॉफ्टने वेगळी वाट धरली. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये वापरकर्ते, सर्व्हर, घटनांची नोंद अशा प्रत्येक कामासाठी स्वतंत्र खिडकी होती. १९९७ च्या अखेरीस आलेल्या आणि विंडोज २००० सोबत सर्वत्र पसरलेल्या ‘मायक्रोसॉफ्ट मॅनेजमेंट कन्सोल’ने या विखुरलेल्या खिडक्यांना एक सामाईक चौकट दिली. ही चौकट स्वतः काहीच करीत नाही. डावीकडे झाडासारखी यादी आणि शेजारी तपशील अशी रचना ती पुरवते, आणि ‘स्नॅप-इन’ म्हटले जाणारे जोडभाग तीत बसवले की त्या त्या सेवेचा कारभार तिथून चालतो. त्याच वेळी आलेल्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीने खाती, यंत्रे आणि नियम यांची एक मध्यवर्ती नोंद उभी केली, आणि सेटिंगांचे मूळ एकेका यंत्रातील फाइलीतून उठून त्या मध्यवर्ती नोंदीत गेले. याचा एक परिणाम नवख्यांना फार गोंधळात टाकतो : गट-धोरणात केलेला बदल प्रत्येक यंत्र साधारण ९० मिनिटांनी, त्यात ३० मिनिटांपर्यंतची यदृच्छ भर घालून, विचारून घेते, त्यामुळे कन्सोलवर ‘ठीक’ म्हटल्यानंतर शेजारच्या टेबलावरील संगणकावर काहीच घडलेले दिसत नाही आणि अधीर व्यवस्थापक तोच बदल तीन ठिकाणी, तीन तऱ्हांनी करून बसतो.

लिनक्सच्या जगात याच सुमारास ब्राउझर हाच कन्सोल होऊ लागला. जेमी कॅमेरॉन यांनी १९९७ मध्ये पर्ल भाषेत लिहिण्यास घेतलेला वेबमिन दहा हजार क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे जाळ्यातून येणाऱ्या मागणीसाठी राखलेल्या क्रमांकित दारावर, ऐकत बसतो आणि मूळ फाइलीच वाचून त्यांतच लिहितो. हाताने घातलेल्या टिपा आणि क्रम शक्यतो तो बिघडवत नाही. त्याच्या एक वर्ष आधी, १९९६ मध्ये, सीपॅनेल अवतरले आणि संकेतस्थळांना भाड्याने जागा देण्याचा धंदा त्याने घडवला. अपाची या वेब-सर्व्हरचे नावही न ऐकलेला दुकानदार स्वतःच्या दुकानाची ईमेल खाती उघडू लागला, ही काही लहान क्रांती नव्हे. पण इथे मूळ ठेवण्याची जागा बदलली. सीपॅनेल अपाचीची मुख्य फाइल आपल्याकडील नोंदींवरून पुन्हा पुन्हा नव्याने रचते. त्या फाइलीच्या माथ्यावर तशी सूचनाही असते, आणि ती न वाचता टर्मिनलवरून तिथे दुरुस्ती करणाऱ्याची दुरुस्ती पुढच्या रचनेत नाहीशी होते. चूक कोणाची, हा वाद निरर्थक आहे. एकाच गोष्टीची दोन मुळे निर्माण झाली की त्यांतले एक दुसऱ्याला गिळते, आणि कोणते कोणाला गिळेल हे आधी ठाऊक असणे हाच व्यवस्थापकाचा खरा व्यवसाय आहे.

या अनुभवातून शहाणे झालेले अलीकडचे साधन म्हणजे रेड हॅटच्या पुढाकाराने वाढलेले कॉकपिट. ते स्वतःजवळ काही साठवत नाही; यंत्रावरील नेहमीच्याच खात्याने आत येऊ देते, सिस्टीमडीला विचारून सेवा दाखवते, टर्मिनलवर केलेला बदल कन्सोलवर लगेच उमटतो आणि कन्सोलवरचा टर्मिनलला दिसतो, शिवाय टर्मिनल त्याच्या पोटातच दिलेले असते. ९०९० या पोर्टवर कोणी दार ठोठावेपर्यंत ते झोपलेले असते. याच वृत्तीचा दुसरा आविष्कार मायक्रोसॉफ्टकडे घडला. जेफ्री स्नोव्हर यांनी २००२ मध्ये मांडलेल्या आराखड्यातून २००६ साली पॉवरशेल ही आज्ञा-भाषा बाहेर आली, आणि एक्स्चेंज २००७ या ईमेल-सर्व्हरचा कन्सोल त्या भाषेच्याच पाठीवर उभारला गेला : चौकटी भरून झाल्या की शेवटच्या पानावर चाललेली आज्ञा दिसे. स्मिटची ती एफ६ कळ दीड दशकानंतर वेगळ्या घराण्यात पुन्हा जन्मली.

क्लाउडने, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची यंत्रे वापरानुसार भाड्याने घेण्याच्या पद्धतीने, हा क्रमच उलटा केला. ॲमेझॉनच्या साठवण आणि संगणन या सेवा २००६ मध्ये सुरू झाल्या त्या एपीआयच्या रूपाने, म्हणजे एका आज्ञावलीने दुसरीकडे काम मागण्याच्या ठरीव रीतीने. ब्राउझरमधला कन्सोल आला जानेवारी २००९ मध्ये. तेथे कन्सोल हा त्या एपीआयच्या अनेक गिऱ्हाइकांपैकी एक असतो, आणि त्याच्याद्वारे जे करता येते ते बहुतेक आज्ञेनेही करता येते. यंत्रातील फाइल, मध्यवर्ती नोंद आणि कन्सोलची स्वतःची नोंद यांना मूळ मानणाऱ्या तीन पंथांनंतर याच वाटेने चौथा पंथ प्रबळ झाला. ऑस्लोमध्ये मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या सीएफइंजिनपासून पपेट (२००५), अँसिबल (२०१२) आणि टेराफॉर्म (२०१४) यांच्यापर्यंतची ही परंपरा म्हणते की यंत्र कसे असावे याचे वर्णन फाइलीत लिहावे, ते आवृत्तीनिहाय जपावे, आणि वस्तुस्थिती त्या वर्णनाशी जुळवण्याचे काम साधनावर सोपवावे. या पंथाचे लोक कन्सोलवर काम करण्याला ‘क्लिकऑप्स’ म्हणून नाक मुरडतात. त्यांच्या नाराजीला कारण आहे. मध्यरात्री घाईने कोणी कन्सोलवरून एक पोर्ट उघडतो, अडचण सुटते, लेखी वर्णनात ते कधी नोंदले जात नाही, आणि आठवड्याने साधन पुन्हा चालवले की ते इमानेइतबारे तो पोर्ट बंद करते; त्या वेळी पहिली घाई करणारा बहुधा रजेवर असतो.

तरीही टर्मिनल म्हणजे प्रौढत्व आणि कन्सोल म्हणजे कुबडी, ही या व्यवसायातील लाडकी समजूत पुराव्यावर टिकत नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरील डेटाबेसची फाइल-राशी पुसली; सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले तेव्हा त्याने आज्ञा थांबवली. त्यानंतर महिन्याभरात, २८ फेब्रुवारीला, ॲमेझॉनच्या एस३ साठवण-सेवेत एका आज्ञेतील चुकीच्या टंकनाने ठरल्याहून कितीतरी अधिक सर्व्हर काढले गेले आणि अर्धे इंटरनेट काही तास अडखळले. दोन्ही चुका काळ्या पडद्यावर, जाणत्या हातांनी घडल्या. दोन सर्व्हरची टर्मिनले दिसायला जुळी असतात, हे पहिल्या घटनेचे एक साधे कारण. दुसऱ्या घटनेची पुढची गोष्ट मात्र कन्सोलच्या विरोधात जाते : सेवांची प्रकृती जगाला सांगणारे ॲमेझॉनचे पान ताजे करता येईना, कारण ते ताजे करण्याचा कन्सोल स्वतः एस३ वरच विसंबून होता. याउलट व्हीएमवेअरच्या व्यवस्थेत मध्यवर्ती व्हीसेंटर बंद पडला तरी त्याच्या देखरेखीखालील आभासी यंत्रे आपापल्या यजमान सर्व्हरवर चालूच राहतात. कन्सोल कशावर उभा आहे आणि काय त्याच्यावर उभे आहे, हे निवड करतानाच विचारायचे असते.

नुसते पाहण्याची साधने, म्हणजे १९८८ च्या एसएनएमपीपासून एमआरटीजी, नॅगिऑस, ग्राफाना यांच्यापर्यंतची आलेख आणि इशारे देणारी परंपरा, हा स्वतंत्र पुस्तकाचा विषय आहे. येथे तिचा उल्लेख संदर्भापुरताच येतो.

सुरक्षेचा प्रश्न मात्र असा बाजूला सारता येत नाही, कारण सर्व अधिकार एका पडद्यावर आणणे म्हणजे चोरासाठीही ते एका पडद्यावर आणणे होय. वेबमिनच्या बांधणी-यंत्रात २०१८ मध्ये कोणी तरी चोरवाट पेरली आणि ती २०१९ मध्ये उघडकीस येईपर्यंत उतरवून घेण्याच्या अधिकृत पॅकेजांतून वाटली गेली. गिटहबवरील मूळ आज्ञावली त्या काळात स्वच्छच होती. २०१८ मध्येच अनेक यंत्रांवर आज्ञावली वाटून चालवणाऱ्या कुबरनेटिस प्रणालीचा एका विख्यात मोटार कंपनीतील कन्सोल पासवर्डविना इंटरनेटवर उघडा सापडला आणि त्यातून परक्यांनी तिच्या यंत्रांवर कूटचलन काढण्याचा उद्योग चालवला होता. अमेरिकी सरकारने जून २०२३ मध्ये आपल्या खात्यांना व्यवस्थापनाची अशी दारे इंटरनेटवरून काढण्याचा किंवा वेगळ्या प्रवेश-नियंत्रणाआड ठेवण्याचा बंधनकारक आदेश दिला. भारतात सायबर घटनांची दखल घेणाऱ्या ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी सायबर घटना ६ तासांत कळवणे, नोंदी १८० दिवस जपणे आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळती ठेवणे आवश्यक केले; यातील प्रत्येक बाब शेवटी कोणत्या तरी कन्सोलवरील कोणत्या तरी चौकटीशी येऊन थांबते, आणि ती चौकट भरणारा माणूस बरेचदा एकटा असतो.

हा एकटा माणूस या पुस्तकाचा पहिला वाचक आहे. पुणे-नवी मुंबईच्या डेटा सेंटरांत पाळ्या असतात, कामे वाटलेली असतात. तालुक्याच्या गावी नागरी सहकारी बँकेत, महाविद्यालयात किंवा साखर कारखान्यात मात्र छपाईयंत्रात अडकलेला कागद काढणारा आणि खात्यांची मध्यवर्ती नोंद ठेवणारा डोमेन कंट्रोलर सांभाळणारा एकच असतो. त्याला चारही पंथांची साधने एकाच खोलीत भेटतात. १९ जुलै २०२४ रोजी एका सुरक्षा-प्रणालीच्या सदोष अद्ययावतीकरणाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे बसली, भारतीय विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले, आणि यंत्रे सुरूच होत नसल्याने दूरचे कन्सोल निरुपयोगी ठरून अनेक ठिकाणी प्रत्येक यंत्रापाशी माणसाला चालत जावे लागले. अशा दिवशी हाताशी काय उरते, प्रणालीच्याही खाली, सर्व्हरच्या मदरबोर्डवर स्वतंत्र चालणारा व्यवस्थापन-कन्सोल कसा वापरायचा, आणि तोही नसेल तर कोठून आरंभ करायचा, याचा विचार या पुस्तकात विस्ताराने केला आहे.

पुस्तकाची दृष्टी पक्षपाती आहे, हे आधीच नोंदवणे प्रामाणिकपणाचे ठरेल. आपण केलेल्या कामाची आज्ञा दाखवणारा, स्वतःजवळ दुसरे मूळ न बाळगणारा आणि ‘सांगितले’ व ‘झाले’ वेगवेगळे मांडणारा कन्सोल येथे चांगला मानला आहे. या कसोटीला न उतरणारी काही लोकप्रिय साधने त्यामुळे थोड्या पानांत आटोपली आहेत. भाषेबाबतही एक निर्णय घ्यावा लागला. बहुतेक कन्सोल इंग्रजीच बोलतात. पडद्यावरील शब्दांचे मराठी प्रतिशब्द घडवले असते तर वाचकाला ते पडद्यावर सापडले नसते. म्हणून ते शब्द उच्चारानुसार देवनागरीत ठेवून त्यांचा अर्थ मराठीत उलगडला आहे. ‘रीस्टार्ट’ म्हणजे सेवा पुरती थांबवून नव्याने उभी करणे, तर ‘रीलोड’ म्हणजे ती चालू ठेवून तिला सेटिंगे पुन्हा वाचायला लावणे, हा भेद ज्याला मराठीत समजला तो भर कामाच्या वेळी बँकेचा काउंटर बंद पाडणार नाही. वाचकाकडे एक जुने, मोडले तरी चालेल असे यंत्र किंवा तेवढे आभासी यंत्र असावे अशी अपेक्षा आहे.

कन्सोलांचे पडदे दर आवृत्तीला बदलतात. हे पान वाचले जाईल तोवर यातील काही बटणे हलली असतील, काही दुसऱ्या मेनूत गेली असतील. म्हणून प्रत्येक पडद्याच्या चित्राखाली त्या बटणामागे कोणती फाइल, कोणती नोंद किंवा कोणती आज्ञा आहे ते एका ओळीत दिले आहे. बटण जागेवर सापडले नाही तर त्या ओळीपासून शोध सुरू करावा.